काढून टाकलेली मर्यादा



सरकारी तिजोरीतून एका माणसाला जास्तीत जास्त किती द्यावे, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला जुना प्रश्न आहे. गोपाळ कृष्ण गोखले 1897 मध्ये विलायतेत वेल्बी आयोगापुढे साक्षीला उभे राहिले ते हिंदुस्थान सरकारच्या वाढत्या खर्चाविषयी बोलायला. त्या खर्चात गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार आणि त्यांच्या मायदेशी पोचवली जाणारी पेन्शने यांचा वाटा मोठा होता. 2 मार्च 1930 रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले, त्यात मिठाच्या कराबरोबर व्हाइसरॉयच्या दरमहा 21 हजार रुपये पगाराचाही हिशेब होता. एकाला दिवसाकाठी सातशे रुपयांवर, आणि सरासरी हिंदी माणसाची दिवसाची मिळकत दोन आण्यांहून कमी. पुढच्याच वर्षी कराचीला वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. स्वराज्यात सरकारी नोकराला सामान्यतः महिना पाचशे रुपयांहून अधिक वेतन असू नये, असे तिने ठरवले. देश गरीब आहे, म्हणून त्याच्या सेवकांनी मर्यादेत राहावे, हे त्या ठरावाचे साधे म्हणणे होते. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि मंत्र्यांनी खरोखरच पाचशे रुपये वेतन घेतले.

या मर्यादेला सर्वांत विचारपूर्वक विरोध झाला तो आपल्याच मुंबई प्रांताच्या विधानसभेत. बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मंत्र्यांच्या वेतनाचे विधेयक मांडले. 1937 च्या ऑगस्टमध्ये त्यावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चार कसोट्या पुढे ठेवल्या: समाजातले राहणीमान, कामाची पात्रता, लोकशाही, आणि कारभाराची शुद्धता. त्यांच्या युक्तिवादाचे मर्म असे, की वेतन तुटपुंजे ठेवले तर ज्यांच्या घरी दुसरी मिळकत आहे त्यांनाच पद परवडते. ज्यांच्याकडे ती नाही, ते पदापासून दूर राहतात किंवा पदावर येऊन भलत्या वाटेने कमाई करू लागतात. दलितांच्या आणि कष्टकऱ्यांच्या प्रतिनिधीने हे म्हणावे, याला फार अर्थ आहे. साधेपणाचे व्रत श्रीमंताला सोपे जाते. गरिबाच्या घरातून आलेल्या माणसाला पगारच लागतो.

कराचीचा ठराव आणि बाबासाहेबांचा विरोध यांपैकी कोणा एकाच्या बाजूने कौल मागावा, अशी माझी भूमिका नाही. पगाराच्या बाबतीत बाबासाहेबांचा युक्तिवाद अनुभवाला उतरला आहे. कराचीच्या ठरावामागचा आग्रह मात्र मला निवृत्तिवेतनाला पूर्णपणे लागू पडतो असे वाटते. पगार आजच्या कामासाठी आणि आजच्या जबाबदारीसाठी असतो. काम संपल्यावर माणसाचे म्हातारपण सन्मानाने जावे, त्याला कोणापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी निवृत्तिवेतन असते. पगारावर कमाल मर्यादा घातली तर कारभाराचे नुकसान होते. निवृत्तिवेतनाला कमाल मर्यादाच नसली तर ज्यांना ते मिळत नाही आणि तरीही जे त्याचा खर्च उचलतात, त्यांच्यावर अन्याय होतो. ही मर्यादा आपल्याकडे पूर्वी होती. ती दोन टप्प्यांत काढून टाकली गेली, आणि त्यावर जाहीर चर्चा जवळजवळ झाली नाही. ती परत आणावी, असे माझे म्हणणे आहे.

आधी पगाराचे पाहू. वरच्या पगारांना कात्री लावा म्हणजे पैसा वाचेल, ही मागणी लोकप्रिय आहे आणि तिच्यामागची चीड समजण्यासारखी आहे. पण आकडे वेगळे सांगतात. 1947 मध्ये पहिल्या वेतन आयोगाने किमान वेतन 55 रुपये आणि कमाल 2,000 रुपये सुचवले. म्हणजे तळ आणि शिखर यांच्यात छत्तीस पटींचे अंतर होते. सातव्या आयोगाने 2016 पासून किमान 18,000 आणि सचिव पातळीवर 2,25,000 ही रचना आणली. अंतर साडेबारा पटींवर आले. मंत्रिमंडळ सचिवाचे अडीच लाख धरले तरी ते चौदा पटींच्या आत राहते. सत्तर वर्षांत सरकारी नोकरीतली विषमता इतकी आटली, ही आपल्या लोकशाहीची एक न बोलली गेलेली कमाई आहे. सातव्या आयोगानेच अहमदाबादच्या आयआयएमकडून एक तुलना करून घेतली होती. सर्वसाधारण मदतनिसाला सरकारात महिना 22,579 रुपये मिळत, तेव्हा खाजगी क्षेत्रात तसल्याच कामाचे आठ ते साडेनऊ हजार मिळत होते. वर जावे तसे हे अंतर कमी होत जाते, आणि शिखरावर चित्र उलटते. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या, म्हणजे स्टेट बँकेच्या अध्यक्षाचे वार्षिक वेतन चाळीस लाखांच्या आसपास असते. तिच्याहून कितीतरी लहान खाजगी बँकांचे प्रमुख कोट्यवधी रुपये घेतात. अशा ठिकाणी आणखी खालची मर्यादा घातली, तर कर्तबगार माणूस निवृत्तीपर्यंत थांबण्याऐवजी पन्नाशीतच बाहेरची वाट धरेल.

शिवाय पगारावरची मर्यादा गळते. ब्राझीलच्या राज्यघटनेत सरकारी वेतनाला कमाल मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या वेतनापेक्षा जास्त कोणालाही मिळू नये, असा तिथला नियम. पण तिथे घरभाडे, प्रवास, न घेतलेल्या रजेचा मोबदला अशा नावांनी मर्यादेबाहेरची रक्कम देण्याची रीत पडली, आणि न्यायाधीश व सरकारी वकील यांच्यातच ती सर्वाधिक फोफावली. मेक्सिकोत 2018 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वेतनापेक्षा अधिक कोणाला नको, असा कायदा झाला आणि काही आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पदावर असलेल्या माणसाकडे नियमाला वळसा घालायला हातात अधिकार असतो. त्याच्या पगाराला घातलेले कुंपण तोच आतून मोकळे करू शकतो.

आणि बचत? 2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत, खासदारांचे वेतन वर्षभरासाठी 30 टक्क्यांनी कापण्याचा अध्यादेश निघाला. तेव्हा मूळ वेतन एक लाख होते. दोन्ही सभागृहांच्या सदस्यसंख्येने गुणाकार केला तरी वर्षाची बचत तीस कोटींच्या आत राहते. त्याच महिन्यात केंद्राने आपले कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांचा महागाई भत्ता अठरा महिन्यांसाठी गोठवला. त्यातून 34,402 कोटी रुपये वाचले. पंजाबने 2022 मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ हा कायदा केला. तो योग्यच होता, पण सरकारच्याच सांगण्याप्रमाणे वर्षाची बचत वीस कोटींच्या आसपास, आणि त्या वर्षीचे पंजाबचे अंदाजपत्रक दीड लाख कोटींवर. हिमाचल प्रदेशात ऑगस्ट 2024 मध्ये मुख्यमंत्री आणि मंत्र्यांनी दोन महिने आपले वेतन पुढे ढकलले. पुढच्याच महिन्यात कर्मचाऱ्यांचे पगार पाच तारखेला झाले आणि निवृत्तांच्या खात्यात पैसे दहा तारखेला पोचले. मंत्र्यांच्या त्यागाने तिजोरीचे दुखणे हलके झाले नाही, आणि 2025 च्या मार्चमध्ये तिथल्याच विधानसभेने आमदारांचे वेतन वाढवून घेतले. शिखरावरच्या मूठभर लोकांच्या पगारातून राज्याचे अर्थकारण सुधारत नाही, हे यावरून मान्य करायला हवे. जो कोणी तसे सांगतो, तो लोकांची दिशाभूल करतो.

मग डोंगर कुठे आहे? 2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात निवृत्तिवेतनासाठी सुमारे 2 लाख 77 हजार कोटींची तरतूद होती. त्यातले 1 लाख 60 हजार कोटी संरक्षण दलांचे. केंद्राचे निवृत्तिवेतनधारक साठ लाखांवर गेले आहेत आणि त्यांची संख्या आज नोकरीत असलेल्यांपेक्षा जास्त आहे. हिमाचलच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकात दर शंभर रुपयांतले 25 पगाराला आणि 20 पेन्शनला जातात. कर्जाचे व्याज आणि हप्ते वेगळेच. महाराष्ट्र त्या मानाने सधन. तरीही पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन गोष्टी राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग खातात, आणि 2025-26 चे अंदाजपत्रक 45,891 कोटींची महसुली तूट दाखवत मांडले गेले. रिझर्व्ह बँकेच्या 2023 मधल्या अभ्यासाने इशारा दिला होता, की सर्व राज्ये जुन्या पेन्शनकडे परतली तर त्यांचा भार नव्या अंशदायी पेन्शन योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. हा भार उचलणारे बहुसंख्य लोक शेतमजूर, रिक्षाचालक, दुकानातले नोकर, घरकाम करणाऱ्या बाया आहेत. जीएसटी ते सगळे भरतात. अशी पेन्शन त्यांच्यातल्या कोणालाही नाही.

आता जुन्या पेन्शनची रीत नीट समजून घेऊ, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम हे मूळ निवृत्तिवेतन. सातव्या आयोगानंतर ते कमीत कमी 9,000 आणि जास्तीत जास्त 1,25,000 रुपये आहे. त्यावर वर्षातून दोनदा वाढणारी महागाई सवलत. 2025 च्या जुलैपासून केंद्रात ती 58 टक्के झाली. म्हणजे 9,000 मिळणाऱ्या शिपायाला महागाईपोटी 5,220 रुपये आणि सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेल्याला 72,500. डाळ, तेल, वीज, औषधे दोघांना एकाच भावाने मिळतात. महागाईची झळ भरून काढणे हा या सवलतीचा हेतू. पण ती सरसकट टक्क्यांत दिल्यामुळे वरच्या माणसाच्या हातात पडणारी नुसती महागाईची भरपाईच खालच्या माणसाच्या संपूर्ण पेन्शनच्या पाचपटीहून जास्त होते.

हे असेच चालत आले आहे, असा आपला समज आहे. तसे नाही. 25 मे 1979 च्या आदेशाने केंद्राने निवृत्तिवेतन मोजण्याची टप्प्यांची पद्धत आणली. सरासरी वेतनाच्या पहिल्या हजार रुपयांवर 50 टक्के, पुढच्या टप्प्यांवर त्याहून कमी, आणि सगळे मिळून महिना 1,500 रुपयांची कमाल मर्यादा. वर जावे तसे प्रमाण घटत जाईल, हे तत्त्व त्या पद्धतीत होते. चौथ्या वेतन आयोगानंतर, 1986 पासून, टप्पे गेले आणि सरसकट 50 टक्के आले. ही पहिली मर्यादा सुटली. पण त्याच चौथ्या आयोगाने महागाई भत्त्यात टप्पे ठेवले होते. साडेतीन हजारांपर्यंत मूळ वेतन असणाऱ्याला महागाईची पूर्ण भरपाई, त्यापुढे सहा हजारांपर्यंत 75 टक्के, आणि सहा हजारांवर 65 टक्के. खालच्या माणसाला महागाई जास्त चावते, म्हणून त्याला पूर्ण संरक्षण. वरच्याने थोडी झळ स्वतः सोसावी. इतका साधा, इतका न्याय्य नियम! पाचव्या आयोगाने 1996 पासून तोही काढला आणि सर्वांना शंभर टक्के भरपाई दिली. दुसरी मर्यादा सुटली. त्या वेळी संघटनांनी स्वागत केले, राज्यांनी केंद्राचा कित्ता गिरवला, आणि पुढच्या काही वर्षांत राज्यांच्या तिजोऱ्यांची जी दैना झाली तिच्यातूनच नवी अंशदायी पेन्शन योजना जन्माला आली. केंद्रात ती 1 जानेवारी 2004 पासून आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागू झाली. वरच्यांना आवर घालणारे नियम काढून टाकले, आणि काही वर्षांतच पुढच्या पिढीतल्या शिपायाची, लिपिकाची, शिक्षकाची खात्रीची पेन्शन गेली. हा क्रम मला विलक्षण अन्यायाचा वाटतो.

माझा प्रस्ताव त्या जुन्या नियमाचाच आहे. मूळ निवृत्तिवेतन कोणाचेही कापू नये. महागाई सवलत मात्र टप्प्याटप्प्याने द्यावी. समजा, मूळ निवृत्तिवेतनाच्या पहिल्या 50 हजारांवर पूर्ण सवलत, पुढच्या 25 हजारांवर निम्मी, आणि त्याहून वरच्या भागावर पाव. 50 हजारांपर्यंत मूळ पेन्शन असणाऱ्या कोणालाही एका रुपयाचा धक्का बसत नाही. सव्वा लाख मूळ पेन्शन असणाऱ्याला 58 टक्के सवलतीसह 1,97,500 मिळतात. या पद्धतीने 1,68,500 मिळतील. महिन्याला 29 हजारांचा फरक. आयकराच्या टप्प्यांप्रमाणे इथेही वरचा दर फक्त वरच्या भागाला लागतो, त्यामुळे एखादा रुपया मर्यादेबाहेर गेला म्हणून सगळीच सवलत बुडाली, असे होत नाही. 50 हजार ही रेषा मी उदाहरणापुरती घेतली आहे. ती कुठे ओढावी यावर वाद होऊ शकतो, आणि व्हावा.

याला जोडून एक दुसरी गोष्ट आहे. दर दहा वर्षांनी वेतन आयोग येतो तेव्हा जुन्या निवृत्तांचीही पेन्शन नव्याने ठरते. सातव्या आयोगाने सर्वांना 2.57 चा गुणक लावला. त्यातला 2.25 चा भाग आधीच मिळत असलेल्या महागाईचा होता. उरलेली सुमारे 14 टक्के ही खरी वाढ होती. नोकरीत असलेल्याला ती वाढ उत्पादकता, जबाबदारी, बाजारातले वेतन या कारणांनी देता येते. निवृत्ताच्या बाबतीत यातले एकही कारण उरत नाही. तळाच्या पेन्शनधारकाला ही वाढ द्यावी, कारण नऊ हजारांत भागत नाही. पण ज्याची मूळ पेन्शन लाखावर आहे, त्याला महागाईची भरपाई सोडून वर आणखी चौदा टक्के कशासाठी, याचे उत्तर मला कोणत्याही अहवालात सापडलेले नाही.

यावर सर्वांत भारी आक्षेप कायद्याचा आहे. निवृत्तिवेतन ही भीक किंवा बक्षिसी नव्हे, ती केलेल्या सेवेची कमाई आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सांगितले. देशभर तो दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो, आणि पाळावाच. त्या निकालाने लाखो वृद्धांना स्वाभिमान दिला. पण नाकरा खटला कशाबद्दल होता हे विसरून चालणार नाही. 1979 च्या त्याच टप्प्यांच्या, कमाल मर्यादेच्या योजनेचा लाभ फक्त विशिष्ट तारखेनंतर निवृत्त झालेल्यांना मिळत होता. त्याआधी निवृत्त झालेल्यांनाही तो द्या, असे न्यायालयाने म्हटले. टप्पे घटनाबाह्य आहेत, असे न्यायालय म्हणाले नाही. उलट टप्पे असलेली ती योजनाच त्याने सर्वांना लागू केली. माझ्या प्रस्तावात निवृत्तीच्या तारखेवरून भेद नाही; काल निवृत्त झालेला आणि वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, दोघांना एकच पट्टी. निवृत्तीच्या लाभांना कमाल मर्यादा असणे हेही आपल्या कायद्याला परके नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या ग्रॅच्युइटीला आजही 25 लाखांची मर्यादा आहे आणि ती सर्वांनी मान्य केली आहे.

दुसरा आक्षेप माझ्याच आकड्यांतून निघतो. वरच्या पगारांतून फारसे काही वाचत नाही असे मी म्हटले, मग वरच्या पेन्शनांतून तरी किती वाचणार? मान्य आहे: यातून महाराष्ट्राची महसुली तूट भरून निघणार नाही. पण पगार आणि पेन्शन यांच्या बचतीत फरक आहे. एका पदावर एका वेळी एकच अधिकारी असतो. त्याच पदावरून निवृत्त झालेले मात्र एकाच वेळी अनेक हयात असतात, आणि त्यांच्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते. आयुर्मान वाढते आहे. 80 व्या वर्षानंतर मूळ पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते आणि शंभरीला दुप्पट होते. दर सहा महिन्यांनी सवलत वाढते, दर दहा वर्षांनी ती मुळात मिसळते आणि नव्या मुळावर पुन्हा सवलत सुरू होते. अशा रचनेत वरच्या टोकाला आज लावलेला छोटा लगाम वीस वर्षांनी मोठी रक्कम ठरतो.

त्याहून महत्त्वाचे हे, की काटकसर आजही चालूच आहे. फक्त ती वरून होत नाही, खालून होते. महाराष्ट्रात 2000 पासून नवा शिक्षक ‘शिक्षण सेवक’ म्हणून तीन वर्षे मानधनावर राबतो. ते मानधन 2023 पर्यंत सहा, आठ आणि नऊ हजारांवर अडकले होते. त्या वर्षी ते 16, 18 आणि 20 हजार झाले, तेही न्यायालयाने लक्ष घातल्यावर. 2023 च्या सप्टेंबरमध्ये नऊ खाजगी संस्थांमार्फत सरकारी पदे कंत्राटी पद्धतीने भरण्याचा आदेश निघाला आणि लोकांच्या संतापामुळे ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. 2022 ची अग्निपथ योजना चार वर्षांनी चारांपैकी तीन जवानांना पेन्शनशिवाय घरी पाठवते. संरक्षण पेन्शनचा भार हलका करणे हे तिच्यामागचे एक मोठे कारण, हे उघड आहे. त्या भारात अधिकाऱ्यांच्या पेन्शनचे टप्पे ठरवण्याचा विचार मात्र कोणी केला नाही. आणि 2020 मधले ते गोठवणे पाहा. 9,000 पेन्शन असलेल्या वृद्धेचा भत्ताही त्यात गोठला. त्या अठरा महिन्यांत तिला मिळायची राहिलेली रक्कम मोजली तर 11,880 रुपये भरते. थकबाकी म्हणून ती नंतरही दिली गेली नाही. टप्प्यांची पद्धत तेव्हा अस्तित्वात असती, तर त्या संकटात सरकारला वरचे टप्पे थांबवून खालचे चालू ठेवता आले असते. आयर्लंडने 2009 च्या अखेरीस वेतनकपातीत टप्प्यांचे हेच तत्त्व पाळले. वेतनाच्या पहिल्या 30 हजार युरोंवर 5 टक्के, पुढच्या 40 हजारांवर साडेसात आणि त्यापुढे 10 टक्के कपात, आणि सर्वोच्च पदांवर त्याहूनही जास्त. तिथेही कर्मचारी रस्त्यावर आले. पण भार सगळ्यात जास्त कोणावर, हे निदान कायद्यात लिहिलेले होते.

वरच्या पेन्शनधारकांकडून आयकर घेतला जातोच, मग पुन्हा हे का, असेही विचारले जाईल. आयकर उत्पन्न कुठून आले हे पाहत नाही; स्वतःच्या बचतीच्या व्याजावरही तो तेवढाच लागतो. इथे प्रश्न सरकारने आपल्या हाताने किती द्यावे हा आहे. म्हातारपणातले आजार आणि औषधे यांचा आक्षेप मी अधिक गांभीर्याने घेतो. म्हणूनच सरकारी आरोग्य सुविधा आणि ऐंशीनंतरची वाढ यांना हात लावू नये. मात्र नियम घाईने लिहिला तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. तिथे 2020 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारी नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला 95 हजार पौंडांची मर्यादा आली. हेतू बड्या अधिकाऱ्यांच्या गलेलठ्ठ रकमा रोखण्याचा होता. पण मर्यादेत पेन्शनपोटी मालकाने भरायची रक्कमही धरली गेल्यामुळे स्थानिक स्वराज्य संस्थांमधले मध्यम पगाराचे, तीस-तीस वर्षे राबलेले लोक तिच्यात सापडले. सुमारे तीन महिन्यांत सरकारला ती मागे घ्यावी लागली. म्हणून टप्पे हवेत, आणि रेषा पुरेशी वर हवी.

लोकप्रतिनिधींविषयी थोडक्यात बोलतो, कारण तिथे विषय स्वच्छ आहे. घटनेच्या 106 आणि 195 या कलमांनी खासदार आणि आमदार आपले वेतन स्वतः ठरवतात. खासदारांना पेन्शन 1976 पासून मिळू लागली. आज ती 31 हजार आहे. महाराष्ट्रात एकदा निवडून आलेल्या माजी आमदारालाही महिना 50 हजार मिळतात, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी दोन हजार जास्त. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या किमान मूळ पेन्शनच्या पाचपटीहून जास्त रक्कम पाच वर्षांच्या आमदारकीला. आमदारकी ही नोकरी नव्हे. आमदाराने आपल्या कारकिर्दीत पुरेसे वेतन घ्यावे, या बाबासाहेबांच्या मताशी मी सहमत आहे. निवृत्तिवेतन मात्र एकच असावे, ते सेवेच्या वर्षांच्या प्रमाणात असावे, आणि दुसऱ्या सरकारी पेन्शनबरोबर ते घेता येऊ नये. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळताना हा विषय संसदेच्या अखत्यारीतला ठरवला. तेव्हा बदल विधिमंडळांनाच करावा लागेल, आणि मतदारांनी त्यांना तो करायला लावावा लागेल. यातून वाचणारी रक्कम नगण्य आहे, हे मी आधीच सांगितले. पण जे सभागृह स्वतःच्या पेन्शनला हात लावत नाही, त्याला दुसऱ्याच्या पेन्शनला टप्पे लावण्याचा अधिकार राहत नाही.

वाचलेला पैसा कुठे जावा, हे न सांगता बचतीची मागणी करणे मला अपुरे वाटते. साखर कारखाने, सूतगिरण्या, एसटी, सहकारी संस्था इथे आयुष्य घालवलेल्या लोकांसाठी भविष्य निर्वाह निधीची 1995 ची पेन्शन योजना आहे. तिची किमान पेन्शन 2014 च्या सप्टेंबरपासून महिना 1,000 रुपये आहे. तिला महागाई सवलत नाही. दहा-अकरा वर्षांत त्या हजार रुपयांची किंमत किती उरली हे सांगायला नको. बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत हे वृद्ध साडेसात हजारांच्या मागणीसाठी वर्षानुवर्षे उपोषणाला बसत आले आहेत. निराधार वृद्धांना केंद्राकडून मिळणारा वाटा साठ ते एकोणऐंशी वयापर्यंत महिना 200 रुपये आहे आणि पंधरा वर्षांहून अधिक काळ तेवढाच आहे. महाराष्ट्र आपली भर घालून श्रावणबाळ योजनेत 1,500 देतो. महागाईची भरपाई हा जर हक्क असेल, तर तो आधी या माणसांचा आहे. वरच्या टप्प्यातून सुटलेला प्रत्येक रुपया कायद्याने या तळाच्या पेन्शनांची महागाई सवलत सुरू करण्यासाठी बांधून ठेवावा.

ही चर्चा आत्ताच व्हायला हवी, याला कारण आहे. मार्च 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या लाखो कर्मचाऱ्यांनी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संप केला. त्यांची म्हातारपणाची काळजी खरी होती. बाजाराच्या चढउतारावर टांगलेली पेन्शन कोणालाही नको असते. केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी खात्रीची रक्कम, त्यावर महागाई सवलत, आणि दहा वर्षांच्या सेवेला किमान 10 हजार. तळाला आधार दिला, हे चांगले झाले. वर मर्यादा मात्र याही योजनेत नाही, आणि तिचे ओझे आज शाळेत असलेल्या मुलांच्या करांवर पडणार आहे. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेत अंशदान नसलेल्या पेन्शन योजनांचा भार आणि राज्यांच्या तिजोरीवरचा परिणाम हे दोन्ही मुद्दे स्पष्टपणे घातलेले आहेत. म्हणजे आयोगाला टप्प्यांचा विचार करायला कोणाची आडकाठी नाही.

कर्मचारी आणि निवृत्तांच्या संघटनांना माझी विनंती आहे, की आयोगापुढे जाताना महागाई सवलतीचे टप्पे ही मागणी त्यांनी स्वतःहून करावी. त्यांच्या सभासदांतले बहुसंख्य तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीतले आहेत. या टप्प्यांनी त्यांचे एका पैचेही नुकसान होत नाही. उलट खात्रीची पेन्शन पुढच्या पिढीसाठी टिकवायची तर ती परवडणारी ठेवावी लागेल, आणि ती परवडणारी ठेवण्याचा हा एकच मार्ग मला दिसतो, ज्यात शिपायाच्या ताटातले काही काढून घ्यावे लागत नाही. सरकारने ही मर्यादा लादण्याची वाट न पाहता ज्यांना पेन्शन मिळते त्यांनीच ती मागावी.